तीन दोर वाऱ्यावर

मित्रांनो, मी दोर आहे. आता जेमतेम दीड हात उरलो आहे आणि एका टोकाला पार पिंजारलो आहे. पण एके काळी मी चांगला बारा हात लांब होतो, आणि एका प्रवासी बोटीचे मधले शीड माझ्या जिवावर उभे असे. माझी हकीकत सांगताना मी अजूनही हबकतो. मध्येच अडखळलो तर समजून घ्या.

दोर वळणाऱ्याने कमरेला ताग गुंडाळला आणि एका लांबलचक छपराखाली उलटे चालत चालत मला वळले. दिवसभर तो मागे मागे जात होता आणि मी पुढे पुढे वाढत होतो. मग त्या एका दोराचे तीन तुकडे केले. आम्ही तिघे भाऊ झालो. बोटीला तीन शिडे होती. प्रत्येक शिडाचा खालचा कोपरा एकेका भावाने ताणून धरायचा, असे आमचे काम ठरले. लोक शिडाचे कौतुक करतात. करोत बापडे! पण वारा शिडात धरून ठेवतो कोण? आम्हीच. आम्ही सुटलो की शीड नुसते फडफडते आणि बोट दारुड्यासारखी झोकांड्या खाऊ लागते.

इंग्रज खलाशांनी ते पाहिले आणि झिंगलेल्या माणसासाठी एक शब्दप्रयोग काढला, असे सांगतात. 'थ्री शीट्स टू द विंड.' शीट म्हणजे इथे चादर नव्हे, आणि गंमत म्हणजे शीडही नव्हे. शीट म्हणजे आमच्या जातीचा दोर! ज्याचे तिन्ही दोर वाऱ्यावर सुटले, तो पार कामातून गेला. थोडीशीच चढली असेल, तर एकच दोर सुटला म्हणायचे. आमच्या धक्क्यावरचे खलाशीही ही थट्टा करत. पितात माणसे आणि नाव आमचे, याचे मला हसू येई.

आमच्या कप्तानाचे एके काळी खरोखरच तिन्ही दोर सुटलेले असत. शाळेतून आलेली त्याची लेक दप्तरासकट गुत्त्यावर जाई आणि बापाला हाताला धरून घरी नेई. पण नऊ वर्षांपूर्वी त्याने बाटली सोडली ती सोडलीच. लेक आता मोठी झाली होती आणि धक्क्यावर तिकिटांच्या खिडकीत बसत होती. बापाची बोट सुटताना ती मान वर करून बघे, एवढेच.

सुरुवातीला कप्तान आमची फार काळजी घेई. दर रविवारी आम्हाला काढून गोड्या पाण्यात धुवायचे, सावलीत वाळवायचे, आणि काही दिवसांनी उलटे करून बांधायचे, म्हणजे एकच टोक झिजत नाही. तो आम्हाला हातात घेऊन वीत वीत चाचपत जाई. मग हळूहळू एक रविवार चुकला, दुसरा चुकला. "घरचेच दोर आहेत हे, दगा नाही देणार," असे तो म्हणे. ते ऐकून माझ्या अंगावर मूठभर मांस चढे. मी किती मूर्ख होतो! मिठाने माझे पोट आतून काळे पडत होते आणि मी मात्र या शाबासकीवर खूश होतो.

आणि मग ती दुपार आली. बोटीत सव्वीस माणसे होती. धक्का समोर दिसत होता. वाऱ्याचा एक झोत आला आणि पुढचा भाऊ काडकन तुटला. मला खरेच वाटेना! बोट गर्रकन वळली, सगळा ताण मागच्या भावावर आला, तोही गेला. मी जीव खाऊन धरले हो. पण माझ्याच पोटातून मला आवाज ऐकू आला, एकेक पीळ तुटत असल्याचा. मीही तुटलो. तिन्ही शिडे फडफडू लागली, बोट डावीकडे कलली, उजवीकडे कलली आणि धाडदिशी धक्क्यावर आदळली. एक आजी पडली, तिचे मनगट मोडले. तिची किंकाळी मी विसरू शकत नाही.

धक्क्यावर गर्दी जमली. कोणीतरी ओरडले, "बघा बघा, कप्तानाचे तीन दोर वाऱ्यावर!" आणि ती आजी रडत असतानाही लोक चक्क हसले. बोटीचा मालक धावत आला.

"परत सुरू केलीस ना?"

"नाही मालक. थेंबसुद्धा नाही."

"मग बोट अशी कशी आली? उद्यापासून येऊ नकोस."

इतक्यात तिकिटांच्या खिडकीशेजारचे दार उघडले आणि लेक बाहेर आली. मला वाटले, ही बापाला मिठी मारेल. तिने त्याची हनुवटी धरली आणि म्हणाली, "बाबा, तोंड उघडा."

मित्रांनो, तुटण्याचेही एवढे दुःख मला झाले नव्हते! शंभर माणसांसमोर पोटची पोर बापाच्या तोंडाचा वास घेत होती. कप्तानाचा चेहरा पांढराफटक पडला. पण त्याने तोंड उघडले.

"वास नाही," ती म्हणाली.

"तू काय, बापाचीच बाजू घेणार," मालक गुरगुरला.

तेव्हा शिडे शिवणारी मावशी वाट काढत पुढे आली. तिने मला उचलले, टोक निरखले आणि दोन बोटांत माझा एक पीळ चुरडला. काळा भुगा खाली पडला.

"गाठ सुटलेली नाही, मालक. दोर कुजलाय. अहो, याला गोडं पाणी कधी दाखवलं होतं?"

उत्तर कप्तानानेच दिले. "दोन वर्षं झाली."

मालक वरमला. "म्हणजे तू प्यायला नव्हतास."

"प्यालो असतो तर निदान तसं सांगता आलं असतं. मी शुद्धीत होतो, मालक. शुद्धीत असून बघितलं नाही." तो त्या आजीकडे गेला आणि तिच्यासमोर खाली बसला.

लेक त्याच्या मागोमाग गेली. "बाबा, चुकलं माझं. सगळ्यांसमोर असं करायला नको होतं."

"तुझं काय चुकलं? तू बघितलंस. मी नाही बघितलं."

मालकाने कप्तानाला दोन महिने घरी बसवले आणि मग परत घेतले. मावशीने मला तिकिटांच्या खिडकीशेजारी खिळ्याला टांगले आहे, खलाशांनी बघावे म्हणून. मुलांनो, तुमचाही जीव कशाकशावर टांगलेला असतो. झोपाळ्याची साखळी असेल, सायकलचा ब्रेक असेल, घरातले एखादे माणूसही असेल. ते आपलेच आहे म्हणून त्याच्याकडे पाठ फिरवू नका. त्याला रोज हात लावून बघा. त्यात त्याचा अपमान होत नाही हो!

आता कप्तान रोज सकाळी नवे तिन्ही दोर वीत वीत चाचपतो. मग खिडकीपाशी येतो आणि कोणी न सांगता तोंड उघडतो. रांगेतली माणसे बघत असतात. लेक वाकून वास घेते आणि मगच पहिले तिकीट फाडते.