मास्तर दिसले म्हणून

खेळ सुरू होऊन जेमतेम सहा मिनिटे झाली होती. पुण्याहून आलेल्या परीक्षकांनी टेबलावर पेन आपटले.

"थांबा. हे मागे उभे असलेले गृहस्थ कोण?"

राजाच्या वेषातल्या बसवराजचा उचललेला हात तसाच राहिला. त्याच्या मागे दोन हातांवर मडिवाळप्पा मास्तर उभे होते. डोक्याला रुमाल, हातात उघडी वही, मनगटाला लोंबणारी टाळजोडी.

दाक्षायणी विंगेतून पुढे आली. १९७७ सालची ही बारावीची पहिलीच तुकडी. 'नाट्यशैली आणि निर्मिती' हा विषय घेतलेले सगळे मिळून अकरा विद्यार्थी. कुणी संगीत नाटकातला प्रवेश बसवला होता, कुणी वग. दाक्षायणीने बयलाट निवडला होता. अक्कलकोट तालुक्यातल्या तिच्या आजोळी देवळापुढच्या मोकळ्या जागेत हा कन्नड खेळ होई. संवाद तिने मराठीत आणले होते, पदे कन्नडच ठेवली होती.

"हे मास्तर आहेत, सर," ती म्हणाली. "बयलाटात मास्तर नटांच्या मागेच उभे असतात. पुढचा शब्द सांगतात, पद उचलून देतात, ताल धरतात."

"म्हणजे प्रॉम्प्टर."

"प्रॉम्प्टर लपतो, सर. मास्तर लपत नाहीत. तिथले बरेचसे नट शेतकरी. त्यांना वाचता येत नाही. सगळा खेळ मास्तरांच्या तोंडून येतो, हे बघणाऱ्यांनाही ठाऊक असतं. मास्तर उभे राहिल्याशिवाय तिथं खेळ सुरूच होत नाही."

परीक्षकांनी छापील सूचनांचा कागद पुढे ओढला. "'रंगमंचावर प्रॉम्प्टर दिसणे ही निर्मितीतील गंभीर चूक समजावी.' हे मी लिहिलेलं नाही. पाठांतर झालं नव्हतं, तर तसं प्रामाणिकपणे सांगायचं. त्याला शैलीचं नाव कशाला?"

मागच्या बाकांवर कुणीतरी हसले. दाक्षायणीच्या कानशिलांत रक्त चढले. पाठांतर! बसवराजला राजाचा शब्दन् शब्द येत होता. मास्तरांच्या तालावर थांबायचे कुठे, हे शिकायलाच त्याला दोन महिने लागले होते. तिने परीक्षकांच्या शेजारच्या खुर्चीकडे पाहिले. तिथे पंचाक्षरी सर बसले होते. विषयाचे अध्यापक. जुलैत तिच्या प्रकल्पवहीवर त्यांनीच सही केली होती. त्यांचे बालपणही बयलाट होणाऱ्या अशाच एका गावात गेले होते. मागच्या महिन्यातल्या तालमीत एका पदाची चाल चुकली, तेव्हा त्यांनी मांडीवर ठेका धरून ती स्वतः म्हणून दाखवली होती.

"सर, तुम्ही सांगा ना यांना," ती म्हणाली.

पंचाक्षरी सरांनी चष्मा काढला. रुमालाने तो बराच वेळ पुसला. "परीक्षक सांगतात तसं कर, दाक्षायणी. वाद नको."

"वाद नाही, सर. तुम्हाला माहीत आहे एवढंच सांगा."

सरांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर ठेवला आणि समोरच्या गुणपत्रकात पाहिले.

परीक्षक मूळचे दुष्ट नसावेत. त्यांचा आवाज खाली आला. "हे बघ, मुली, मी संधी देतो. या गृहस्थांना आत बसव. प्रवेश पहिल्यापासून करा. मी पाहिलंच नाही असं समजेन."

ती काही बोलण्याआधीच मडिवाळप्पा मास्तर वही मिटून विंगेकडे निघाले. चाळीस वर्षे ते देवळापुढे राजांना आणि राक्षसांना बोलते करत आले होते. इथे एका माणसाच्या बोटाच्या खुणेवर ते चालू लागले होते. दाक्षायणीला ते सहन झाले नाही.

"मास्तर, तिथंच थांबा."

"आत जातो की, बाळ. मला काय, कुटंबी हुबा राहतो. तुमची परीक्षा हाय."

"तुम्ही आत गेलात तर हा बयलाट राहत नाही. मग मी परीक्षा कशाची देऊ?"

"अगं ए बाई," बसवराज ओठांतल्या ओठांत म्हणाला, "तुझं तत्त्व होतंय आणि माझं वर्ष जातंय. हा मुकुट कार्डबोर्डचा आहे, मार्क खरे आहेत."

त्याचे म्हणणे खोटे नव्हते.  दाक्षायणी परीक्षकांकडे वळली.

"सर, अभिनयाचे गुण वेगळे आहेत. ते बसवराजला त्याच्या कामावर द्या. मास्तरांना उभं करण्याचा निर्णय माझा. दिग्दर्शनाचे काय कापायचे ते माझे कापा. पण प्रवेश असाच होईल."

"ठीक आहे," परीक्षक म्हणाले. त्यांना सुटल्यासारखे वाटले असावे.

प्रवेश पुरा झाला. या वेळी कुणी हसले नाही. टाळ्याही झाल्या नाहीत.

बसवराज पास झाला. दाक्षायणीला दिग्दर्शनात चाळीसपैकी आठ मिळाले. पास व्हायला चौदा लागत होते. बाकी विषयांत उत्तम गुण असलेली ही मुलगी नाटकात नापास झाली, याचे गल्लीत पुष्कळ दिवस नवल झाले.

ऑक्टोबरच्या परीक्षेचा फॉर्म घेऊन ती स्टाफरूममध्ये गेली. शैलीच्या रकान्यात तिने पुन्हा बयलाटच लिहिले होते. पंचाक्षरी सरांनी ते वाचले.

"संगीत नाटक घे. नीट पास होशील. कशाला स्वतःचं नुकसान करून घेतेस?"

"नुकसान मी केलं नाही, सर."

सरांनी दाराकडे पाहिले. मग पेनचे टोपण काढले. "बरं. सही करतो."

"सहीच्या वर टीप हवी. मास्तर दिसणं हा या शैलीचा भाग आहे, अशी."

"टीप कशाला? माझी सही असली की झालं."

"सही जुलैतही होती, सर."

दोन टेबले पलीकडे वह्या तपासणाऱ्या बाईंचा लाल पेन थांबले. पंचाक्षरी सरांच्या मानेपर्यंत लाली चढली. त्यांनी फॉर्म ओढला आणि लिहिले: 'या शैलीत मास्तर रंगमंचावर दिसले तरी चालतात.'

दाक्षायणीने ओळ वाचली आणि फॉर्म पुन्हा त्यांच्यापुढे सरकवला.

"चालतात नाही, सर. लागतात. तुम्ही लहानपणी पाहिलंय."

सरांनी त्या शब्दावर पेन टेकवले. मग त्यांनी तो खोडला, वर नवा लिहिला आणि खोडलेल्या जागेशेजारी आपली पूर्ण सही केली.