पन्नासचं पेट्रोल

मी पेट्रोलचा पंप बोलतोय. पंप म्हणजे ते मोठं छप्पर, हापिस, हवा भरायची टाकी असलं सगळं नव्हे. नुसता मी: पत्र्याचा एक खांब, कमरेला काळी नळी आणि छातीवर फिरणारे आकडे. वास येत असेल तर नाक धरा, पण ऐकून घ्या. माझ्याकडं आता फार दिवस नाहीत.

१९९३ साली मला कोल्हापुरात आणलं आणि रंकाळ्यावरून फुलेवाडीकडं जाणाऱ्या रस्त्याला उभं केलं. मालक अण्णासो. त्यांनी मला हार घातला, नारळ फोडला आणि त्याचं पाणी असं शिंपडलं की आठ दिवस माझ्या अंगावर मुंग्या फिरत होत्या. त्याच दिवशी जोतीरामनं माझी नळी हातात घेतली. शिवाजी पेठेत एका खोलीत राहणारा, सडपातळ, कमी बोलणारा माणूस. दिवसभर दुसऱ्यांच्या गाड्यांत पेट्रोल ओतायचा आणि संध्याकाळी स्वतः सायकल मारत घरी जायचा. पंधरा वर्षं असंच चाललं.

माणसांची एक गंमत सांगतो. पेट्रोल लिटरनं मागणारा हजारात एखादा. बाकी सगळे म्हणणार, “पन्नासचं टाक.” मी नवा होतो तेव्हा पन्नासात अडीच लिटरच्या वर पेट्रोल यायचं. मग दर वाढायला लागले. दर वाढला की दोन दिवस शिव्या, तिसऱ्या दिवशी परत “पन्नासचं टाक”. पेट्रोल आटत गेलं, पन्नास काही हलले नाहीत. मग गाडी वाटेत बंद पडली की म्हणायचे, पंपावर मापात मारत्यात! कुठं अरबांच्या देशात तेल महागतं, कुठं दिल्लीत दर ठरतो, ते कुणाला दिसतंय? दिसतो तो नळी धरून उभा असलेला माणूस.

सयाजी मात्र तसला नव्हता. कळ्याकडच्या गावातला गवळी. रोज सकाळी जुन्या एम-एटी मोपेडला दुधाच्या दोन किटल्या बांधून कोल्हापुरात यायचा, माझ्यापाशी थांबायचा, मग पेठेत रतीब घालून गावी परत. पन्नासचं पेट्रोल त्याला दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दारात येईपर्यंत पुरायचं. जोतीराम म्हणायचा, “झिरो बघ, सयाजी.” सयाजी तंबाखू मळत तोंड फिरवायचा. “तूच बघ. मी दूध मापतो तवा तू माप बघतोस व्हय?”

ते खरं होतं. जोतीरामच्या घरी सयाजीचंच दूध. दुधाचं माप भरून ओतलं की गवळी वर एक धार सोडतो, तशी रीतच आहे. पण जोतीरामला मुलगी झाल्यापासून सयाजी त्या घरी चांगली लांब धार सोडायचा. शालूबाई, म्हणजे जोतीरामची बायको, पातेलं मागं ओढायची. तो म्हणायचा, “ऱ्हाऊ दे वैनी, पोरीच्या नावानं हाय.” जोतीरामच हे मला पुसता पुसता बयाबाईला सांगायचा. बयाबाई आमच्या पंपावर झाडलोट करायची.

२००४ च्या सुमाराला दर फारच चढले आणि सयाजीची गाडी वाटेत बंद पडायला लागली. जोतीराम म्हणाला, “लगा, साठचं टाकत जा की.” सयाजी वैतागला. “आणू कुठनं? दुधाला रुपाया वाढवला तर बाया म्हणत्यात पिशवीचं घेतो. पन्नासच्या वर न्हाई जमत.”

दुसऱ्या दिवशी सयाजी तंबाखू मळत होता आणि जोतीरामनं माझी नळी पन्नासवर थांबवली नाही. पंचावन्न केले. वरचे पाच स्वतःच्या खिशातून काढून गल्ल्याच्या चामडी पिशवीत टाकले. पुढं पाचाचे दहा झाले. बयाबाईनं हे पाहिलं आणि कपाळाला हात लावला. “आरं, तुझा पगार किती, तू करतोस काय!” तो म्हणाला, “माझ्या पोरीसाठी तो धार सोडतो, ती मी कधी मोजली न्हाई. तू बोलू नगंस म्हंजे झालं.” मी लोखंडाचा, पण त्या दिवशी मला अभिमान वाटला. उगीच कशाला लपवू!

मग २००८ चा जून आला. पेट्रोल एका रात्रीत पाच रुपयांनी वाढलं आणि त्यासोबत गॅसची टाकी पन्नासनं. जोतीरामच्या घरातली टाकी नेमकी तेव्हाच संपली होती. ती आणल्यावर खिशात काही उरलं नाही. सकाळी सयाजी आला. जोतीरामनं खिसा चाचपला, माझ्याकडं पाहिलं आणि चार वर्षांत पहिल्यांदाच नळी पन्नासवर थांबवली.

दुसऱ्या दिवशी सयाजी गाडी ढकलत आला. घामानं निथळत होता. बालिंग्याच्या पुलावर गाडी बंद पडली होती आणि तिथून चालत येईपर्यंत दोन्ही किटल्यांतलं दूध नासलं होतं. पंपावर ही मोठी रांग, दरवाढीनं सगळे आधीच पेटलेले.

“जोत्या, किती टाकलंतास काल?”

“पन्नासचं.”

“खोटं बोलतोस! रोज पन्नासात गाडी हितवर येती. पाच रुपये वाढलं म्हणून सात किलोमीटर आधी मरती व्हय? पंधरा वरीस डोळं झाकून इस्वास ठेवला आन् मलाच मारलंस? चोर हाईस तू, चोर!”

रांगेला तेवढंच पाहिजे होतं. “सगळंच चोर!” “ह्येंचं माप बघा!” असा गलका उठला. अण्णासो बाहेर आले. जोतीराम म्हणाला, “माप लावा, अण्णासो.” पाच लिटरचं तपासायचं माप हापिसातच होतं. लावा की! मी आतल्या आत ओरडत होतो. थेंबाचा फरक निघाला असता तर मला तिथंच उपटून टाकायचं होतं. पण अण्णासोंनी गर्दी पाहिली, दोघा-तिघांच्या हातांतले दगड पाहिले. खाली पेट्रोलची टाकी. ते घाबरले. “जोतीराम, शर्ट काढून ठेव आणि घरी जा,” एवढंच म्हणाले.

त्यानं पंपाचा खाकी शर्ट काढला, घडी घालून माझ्या पायाशी ठेवला आणि बनियनवर सायकल घेऊन गेला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला लाज वाटली त्या टाळ्यांची.

नवा माणूस आला. तो पन्नास म्हणजे पन्नासच टाकायचा. सयाजीची गाडी रोज पुलावर बंद पडायला लागली. एक तारखेला तो नव्या माणसावर भडकला. “तू बी मारतोस व्हय रं?” जोतीराम नेमका तेव्हाच राहिलेला पगार न्यायला आलेला, हापिसाच्या पायरीपाशी अण्णासोंसमोर उभा होता. बयाबाईला राहवेना. तिनं खराटा आपटला.

“आरं गाढवा! तुझ्या पन्नासावर दहा रुपयं ह्या जोतीरामचं असायचं! त्या दिवशी गॅसची टाकी आणली, खिशात दमडी नव्हती, म्हणून पन्नासचंच पडलं.”

सयाजी पायरीपाशी जोतीरामसमोर गेला. म्हणाला, “तवाच का बोलला न्हाईस, मर्दा?”

“काय बोलू? येवढ्या लोकांत सांगू, तुझ्या गाडीत माझं पैसं हाईत म्हणून?”

अण्णासो खाकरले. “झालं गेलं सोड. उद्यापासून कामावर ये.”

“नगं,” जोतीराम म्हणाला. “शाळंत पोरी माझ्या लेकीला इचारत्यात, तुझा बा पेट्रोल चोरतो व्हय? रांगेतली माणसं चोर म्हणाली ते गिळलं असतं, अण्णासो. ह्यो म्हणाला.” पगार न मोजता खिशात घातला आणि तो गेला. पुढं कळलं, इचलकरंजीला एका सूतगिरणीत लागला.

वर्षभरात मलाही काढलं. माझ्या जागी पावती देणारं नवं यंत्र आलं. मी आता उद्यमनगरात भंगाराच्या ढिगावर आहे, आठवडाभरात भट्टीत जाईन. जाण्याचं दुःख नाही. दुःख वेगळंच आहे. त्या सकाळी चोर म्हटलेलं रांगेतल्या तीस-चाळीस जणांनी ऐकलं. खरं काय ते ऐकायला पायरीपाशी जेमतेम पाच माणसं होती. मला काढायच्या दिवशी बयाबाई हुंदके देत सांगत होती, सयाजी रतीब घालताना दारोदार म्हणतो, “चुकी माझी हाय, जोतीराम चोर न्हवं.” बाया म्हणतात, “व्हय, व्हय,” आणि पातेलं पुढं करतात.

मला तेव्हा तोंड नव्हतं. आता वितळायच्या आधी बोलतोय ते एवढ्यासाठीच. कधी शिवाजी पेठेत गेलात आणि कुणी जोतीरामचं नाव काढून हसलं, तर गप्प बसू नका. मोठ्यानं सांगा, त्यानं कधी कुणाचा थेंब मारला नाही.