राखेतली कडी

शेगडीतली राख काढताना फावड्याला काहीतरी खणकन लागलं. खिळा असेल म्हणून चिमट्यानं उचलून पाहिलं, तर तळहाताएवढी लोखंडी कडी. दोरीसारखा पीळ दिलेली.

लोखंडाला असा पीळ आमच्या गावात एकच माणूस देत असे, माझा लोहार सासरा. आणि अशी कडी त्यानं एकाच ठिकाणी ठोकली होती. असिमिनाच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, ऑलिव्हच्या बुंध्यात. तिला मागणी घालायला गेलो तेव्हा माझं खेचर मी तिथंच बांधलं होतं. पुढं झाडानं ती कडी हळूहळू गिळली. वर नुसतं टेंगूळ राहिलं. दर मोसमाला असिमिना त्यावरून हात फिरवायची आणि मगच फळं झेलायला खाली जाळं पसरायची.

चार माणसांच्या कवेत न मावणारं झाड ते. तिचा पणजोबासुद्धा त्याला म्हातारं म्हणायचा. आणि मी ते आठवडाभर शेगडीत जाळत होतो!

माझी अक्कल कुठं चरायला गेली होती? टेम्पोवाला अनोळखी होता, लाकूड निम्म्या भावात देत होता. असिमिनानं तेव्हाच हटकलं होतं. "कुठल्या रानातलं आहे, विचारलंस का?"

"लाकूड ते लाकूड," मी खेकसलो होतो. "त्याचा काय बाप्तिस्म्याचा दाखला मागू?"

आता ती स्वयंपाकघरातून ओरडली, "अर्गिरी, काय वाजलं रे?"

"काही नाही. खिळा."

मी कडी खिशात कोंबली. ती अजून गरम होती, मांडी पोळली, पण ओरडायची सोय नव्हती. तेवढ्यात दार वाजलं. असिमिनानं उघडलं, तर बाहेर तिचा भाऊ लाम्ब्रोस.

बारा वर्षांत तो आमचा उंबरा चढला नव्हता. सासऱ्यानं शेत मुलाला दिलं आणि त्या शेतातलं झाड मुलीला आंदण दिलं. आमच्याकडं असं चालतं. पण लाम्ब्रोसनं शेताला कुंपण घातलं, फाटक कुठं ठेवायचं यावरून बहीणभाऊ भांडले, आणि बोलणंच संपलं. आज तो टोपी हातात घेऊन उभा होता, गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेला.

"असिमिना, तुझं झाड कुणीतरी कापून नेलंय. गुडघ्याएवढा बुंधा राहिलाय फक्त."

तिचा चेहरा पांढराफटक पडला. मग ती म्हणाली, "तू कापलंस."

"आईच्या थडग्याची शपथ, मी खाली पडलेलं फळही कधी उचललं नाही."

"तुझा डोळाच होता त्यावर! थंडी वाजली म्हणून बहिणीचं झाड शेगडीत घातलंस? हात दाखव. दाखव म्हणते ना!"

आणि सत्तरीच्या त्या माणसानं खरोखर दोन्ही हात पुढं केले. फोड नव्हता, ओरखडा नव्हता.

सांगायला लाज वाटते, पण माझ्या मनात आलं, की गप्प बसावं. झाड तर गेलंच होतं. भावाबहिणीचं पटत नव्हतंच. तिला कधी कळलं नसतं. पण त्या हातांकडं मला बघवेना. मी खिशातली कडी काढून टेबलावर ठेवली.

असिमिनानं ती उचलली, पिळावरून अंगठा फिरवला. बापाचं काम तिला न बघताही कळलं असतं.

"ही गरम का आहे, अर्गिरी?"

तिनं शेगडीकडं पाहिलं, मग माझ्याकडं. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. ती तशीच अंगणात गेली, मी मोठ्या हौसेनं रचलेल्या सरपणापाशी. मागोमाग लाम्ब्रोस गेला.

मी दारातून पाहत होतो. लाम्ब्रोसनं एक ओंडका उचलला. "ही विहिरीकडची फांदी. हिच्यावरनं तू पडली होतीस."

"हात मोडला होता," ती म्हणाली. "तू मला पाठीवर घेऊन घरी पळालास."

"आणि मारही मीच खाल्ला."

ती रडायला लागली. रडत रडतच तिनं दुसरा ओंडका काढला, पुसला, बाजूला ठेवला. मग तिसरा. दोघं मिळून ओळखू येतील तसे ओंडके वेगळे लावू लागले. मीही पुढं झालो आणि एक उचलायला वाकलो.

"तू हात लावू नकोस," असिमिना म्हणाली.