निळ्या किनारीची पुसणी

मी एक जुनी पुसणी आहे. मित्रांनो, हा शब्द तुमच्या घरात कोणी वापरत नसेल. हातपुसणे तुम्हांला ठाऊक आहे, पायपुसणेही ठाऊक आहे. पुसणी मात्र ठाऊक नसणार, कारण माझे हे नाव एका चार वर्षांच्या मुलीने ठेवले. ते कसे ठेवले, तेच आज सांगते.

माझा आकार तुमच्या तळहाताहून थोडासा मोठा. एका कडेला निळी किनार आहे, तीही आता विटली. उजेडासमोर धरले तर माझ्यातून पलीकडची खिडकी दिसते. पण मी जन्मापासून अशी एवढीशी नव्हते. गिरणीत विणले गेले तेव्हा मी चांगली लांबरुंद, जाड टॉवेल होते. बालवाडीत मला कोरी करकरीत आणली आणि बेसिनशेजारच्या खिळ्यावर टांगली. मुले हात धुऊन येत आणि माझ्यात तोंड खुपसत. हात कोरडे झाले तरी काहींना मला सोडवत नसे. बालवाडीच्या बाई पाहुण्यांना मला बोट लावून दाखवत, "आमच्याकडे टॉवेलसुद्धा मऊ असतो." मी नुसती फुगत असे.

वर्षे गेली. माझी लव झडली, मध्ये एक भोक पडले. खिळ्यावर नवा टॉवेल आला आणि मी मावशींच्या खांद्यावर गेले. मावशी म्हणजे बालवाडीच्या मदतनीस. जेवण वाढणे, भांडी घासणे, मुलांची तोंडे पुसणे ही त्यांची कामे. त्या दिवसापासून माझे नाव हातपुसणे.

मावशींच्या खांद्यावरून मला सगळे दिसायचे. दुपारी बुटक्या टेबलांभोवती मुले जेवायला बसली की जो काही गोंधळ उडायचा, तो काय सांगू. भात कोपरापर्यंत चढायचा. केळे केसांत जायचे. एक मुलगा तर पेला हातात घेतला की तो आडवाच करायचा. सगळे त्याला सांडोबा म्हणत, आणि तोही त्या नावाला ओ देत असे. मावशी या सगळ्यांतून वाऱ्यासारख्या फिरायच्या. भांडी घासावीत तशी तोंडे पुसायच्या. घास गिळायच्या आत गाल लख्ख. मुले डोळे मिटून घेत आणि पुढच्या घासाला पुन्हा उघडत. सगळ्यांची तोंडे पुसून मी भाताने चिकट व्हायचे, मग गरम पाणी, साबण आणि ऊन. अशी माझी दिनचर्या.

एकच धाक होता. मोरीच्या कोपऱ्यात बादलीच्या कडेवर पोतेरे वाळत पडलेले असे. काळे, कडक, कोणी न विचारणारे. ते म्हणे एके काळी खिडकीचा पडदा होते. मला धुताना मावशी भोकातून बोट घालत आणि म्हणत, "तुझेही दिवस भरत आले बरं का." मग माझे पाणी पाणी होई, आणि ते साबणाचे नव्हे.

अशा दिवसांत ती मुलगी आली.

तिचे वडील रस्त्याच्या टोकाला कपड्यांना इस्त्री करत. आई नव्हती. मुलीच्या फ्रॉकला सुरकुती नाही, मोज्यांना घडी. मावशींनी पहिल्याच दिवशी तिचे नाव इस्त्रीबाई ठेवले. ती खेळायची, गाणी म्हणायची, चित्रे काढायची. पण ताट समोर आले की दोन्ही हात मांडीखाली. एकदा शेजारच्या ताटातले एक शीत उडून तिच्या मनगटावर बसले. ती रडली नाही, ओरडली नाही. हात लांब धरून तशीच बसून राहिली, जणू तो हात तिचा नव्हताच. मावशी धावल्या, माझ्या टोकाने त्यांनी तो पुसला. तेव्हा कुठे तिने श्वास सोडला. त्यानंतर तिने ओठच मिटले.

मावशींनी चमच्याने भरवून पाहिले. तिने एक घास गालात धरला तो वडील न्यायला येईपर्यंत धरला. मावशी दमून म्हणाल्या, "बाई, ही पोरगी आहे की कुलूप?"

उपाशी मुलगी दुपारी टेबलावर डोके ठेवून पडू लागली. मग बाईंनी तिच्या वडिलांना थांबवून घेतले. मी मावशींच्या खांद्यावर होते, त्यामुळे सगळे ऐकले. बाईंचे म्हणणे असे, की काही न खाता मुलीला दिवसभर ठेवणे बरे नव्हे. ती जेवू लागेपर्यंत वडिलांनी तिला जेवणाआधीच न्यावे.

वडील बराच वेळ चपलेने जमीन उकरत राहिले. मग त्यांनी मुलीची बाही वर केली. कोपराशी जुन्या भाजल्याचा गुळगुळीत डाग होता.

"एका खोलीचं दुकान आहे माझं," ते म्हणाले. "मागे ती तिथेच असायची. मी कोळसे घालायला वळलो आणि हे झालं. तिला तिथे परत कशी बसवू?"

बाईंनी मुलीची बाही हळूच खाली ओढली.

"घरात पाऊल ठेवलं की लोकांचे पांढरे कपडे. बोलायला लागायच्या आधी मी तिला शिकवलं, हात लावू नको. मी भरवतो, मीच पुसतो. आता हात लाव म्हणून कोणत्या तोंडाने सांगू, बाई?"

बाईंनी तो आठवडा जाऊ द्यायचे ठरवले. आठवडा संपेपर्यंत ती जेवली नाही, तर मात्र दुपारी घरी. घरी म्हणजे दुकानात, हे तिथे उभ्या असलेल्या सगळ्यांना कळत होते. मलाही कळले.

त्या दिवसापासून मावशींनी कंबर कसली. इस्त्रीबाईच्या मागेच उभ्या राहायच्या, मला हातात तयार धरून. तिच्या आसपास थेंब पडायचा अवकाश, मी हजर. मला वाटे, यापेक्षा कोणी काय करावे? पण तिचे हात मांडीखालून निघत नव्हते.

मग एक दिवस सांडोबाने आपले नाव राखले. दुधाचा पेला आडवा झाला. दूध टेबलावरून वाट काढत थेट इस्त्रीबाईकडे निघाले. नेमक्या त्याच वेळी मावशींच्या दोन्ही हातांत गरम भाताचे पातेले. त्या वळल्या तशी मी खांद्यावरून घसरले आणि पडले ती मुलीच्या समोर.

दूध येत होते. पुसायला कोणी येत नव्हते. तिने दुधाकडे पाहिले, फ्रॉककडे पाहिले, मग मांडीखालून हात काढून मला दोन्ही मुठींत धरले आणि ढकलले.

मित्रांनो, आजवर इतक्या वाईट तऱ्हेने मला कोणी वापरले नव्हते. तिने दूध एका बाजूने अडवले तर ते दुसऱ्या बाजूने निघाले. माझे शेपूट शेजारच्या ताटात गेले आणि भात बरोबर घेऊन आले. अर्धा भात जमिनीवर. सांडोबा टाळ्या पिटू लागला. पातेले खाली ठेवून मावशी धावल्या आणि मला ओढू लागल्या. मुलीने मला सोडले नाही.

"माझं आहे," ती म्हणाली.

"अगं, तू राहू दे, मी पुसते पटकन."

"मावशी," बाई मागून हळूच म्हणाल्या, "थांबा जरा."

मावशी थांबल्या. रिकामे हात कुठे ठेवावेत हे त्यांना कळेना. शेवटी त्यांनी ते पदरात गुंडाळले. अख्ख्या बालवाडीत त्या घटकेला सर्वांत अवघड काम मावशी करत होत्या.

मुलीने स्वतःचे हात पाहिले. ओले होते, चिकट होते. तिने ते माझ्यात पुसले. पुन्हा पाहिले. मग अगदी एक बोट भातात घातले, चाटले आणि पुसले. परत बोट, परत पुसणे. ताटातला भात मुंगीने न्यावा तसा संपत होता, पण संपत होता. माझे टोक मात्र सारखे जमिनीवर लोळत होते. ते गोळा करून ती दमली आणि तक्रारीच्या सुरात म्हणाली, "हे मोठं आहे."

संध्याकाळी मावशींनी कात्री काढली. मी मनात म्हटले, संपले. आता बादलीची कड. मावशींनी मला मधोमध कापले, मग पुन्हा कापले, मग पुन्हा. भोकाचा भाग तेवढा टाकून दिला. प्रत्येक तुकड्याला दुमड घालून टाके घातले. वर्गातल्या प्रत्येक मुलाला एक तुकडा झाला. बाई म्हणाल्या की बरे झाले, एकाचे पडसे सगळ्यांना जायचे तेही थांबेल. किनारीचा तुकडा इस्त्रीबाईला मिळाला. तो मी.

"ते मोठं पुसणं होतं," मावशींनी तिला समजावले. "हे तुझं छोटं."

मुलीने मला गालाला लावून पाहिले. मोठा तो पेटारा, छोटी ती पेटी. मोठा तो डबा, छोटी ती डबी. हे तिला कोणी शिकवले नव्हते, पण ठाऊक होते.

"पुसणी," ती म्हणाली.

आठवड्याच्या शेवटच्या दिवशी तिचे वडील दुकानातले काम अर्धवट टाकून दुपारीच आले. दारात उभे राहिले. त्यांची इस्त्री केलेली मुलगी नाकापर्यंत भातात होती. फ्रॉकवर दही, मोज्यावर दही. तिने वडिलांना पाहिले आणि हात हवेत तसाच राहिला. मी तिच्या दुसऱ्या मुठीत होते. ती मूठ किती घट्ट झाली, ते मलाच माहीत.

वडिलांचा हात खिशातल्या रुमालाकडे गेला.

"दादा," मावशी शेजारून म्हणाल्या, "खिशातला हात खिशातच असू द्या. मलाही जड गेलं. जमतं हळूहळू."

हात खिशातच राहिला. मुलीने बराच वेळ वाट पाहिली. कोणी येईना, तेव्हा तिने मला उचलले आणि आपले तोंड पुसले. खरे सांगायचे तर हनुवटीवरचे दही तिने कानापर्यंत नेले. मग ती उठून वडिलांजवळ गेली आणि त्यांच्या चेहऱ्याकडे निरखून पाहू लागली.

"बाबा, तुला काळं लागलंय."

त्यांच्या गालावर कोळशाचा पट्टा होता. दिवसभर लोकांच्या कॉलरी बघणाऱ्या माणसाला तो दिसला नव्हता. ते खाली वाकले. तिने तो पट्टा माझ्या कोपऱ्याने पुसला, म्हणजे काळ्याच्या जागी पांढरे झाले.

"आता काय, बापलेक एका रंगाचे," मावशी म्हणाल्या.

वडिलांनी गालाला हात लावला. मग तो तसाच खाली घेतला.

"असू दे," ते म्हणाले. "घरी जाऊन धुऊ दोघं."

पुढच्या आठवड्यापासून इस्त्रीबाई दिवसभर बालवाडीत राहिली. महिन्याभरात ती नीट जेवू लागली आणि फ्रॉकही बराचसा वाचू लागला. ती मोठ्या शाळेत गेली, त्यालाही आता खूप दिवस झाले. जाताना तिने मला माझ्या जागी टांगले आणि मावशींना सांगितले, "ज्याला लागेल त्याला द्या." माझ्याबरोबरच्या पुसण्या एकेक करून विरल्या. सांडोबाची सर्वांत आधी, हे सांगायला नकोच.

आता मलाही फार दिवस नाहीत. बादलीच्या कडेची भीती मात्र गेली. त्या जुन्या पोतेऱ्याच्या जागी नवे आले, ते माझ्या ओळखीचे निघाले. माझ्या जागी खिळ्यावर आला होता, तोच टॉवेल.

मित्रांनो, सांडले तर घाबरू नका. सांडणारच. हात धुऊन जेवायला बसा, सांडले की आपले आपण पुसा, आणि मग आम्हांला साबणाने धुऊन उन्हात टाका. ओल्या कोंदट कोपऱ्यात आम्ही कुजतो. आणि घरात कोणी मोठे हे वाचून दाखवत असेल, तर त्यांना माझी एक विनंती आहे. पूर्वी माझा खिळा मावशींच्या खांद्याच्या उंचीवर होता. आम्ही तुकडे झालो त्या संध्याकाळी मावशींनी भिंतीवर एक दोरी बांधली. बांधली, गुडघ्यावर बसून पाहिली, सोडली आणि आणखी खाली बांधली. त्या दोरीवर मी अजून आहे. नवे मूल येते, हात लांब धरून थिजते, इकडे तिकडे पाहते आणि मग त्याला मी दिसते.

तुमच्याही घरी दोरी जरा खाली बांधा.