दुर्गाबाईंचे अभिप्राय

अंकुशनगरला साखर कारखान्याच्या वसाहतीत एका खोलीचं वाचनालय होतं आणि ते मी सांभाळायची. ही अठ्ठ्याण्णव सालची गोष्ट. दोन लोखंडी कपाटं, एक टेबल, आणि टेबलावर अभिप्रायांची वही. वहीत बहुतेक जण ‘पुस्तक छान आहे’ एवढंच लिहून सही करायचे. खरे अभिप्राय एकाच बाईचे असायचे. ते लिहायची मात्र मी, कारण तिला दिसत नव्हतं.

दुर्गाबाई आमच्याच लाईनीत राहायच्या. मुलगा धर्मराज कारखान्यात बॉयलरवर, सून अंगणवाडीत. काचबिंदूनं दुर्गाबाईंचे दोन्ही डोळे गेले तेव्हा त्यांना सत्तावन्नावं वर्ष चालू होतं, आणि तोवर कपाटातल्या बहुतेक कादंबऱ्या त्यांच्या वाचून झाल्या होत्या. एक दिवस त्या भिंतीला हात लावत वाचनालयात आल्या आणि म्हणाल्या, “गोपिका, नवीन गठ्ठा आल्ता म्हणे. मला कोण सांगणार त्यात काय हाय ते?” तेव्हापासून रोज दुपारी मी त्यांच्याकडे वाचायला जाऊ लागले.

त्यांना दोनच तऱ्हेची पुस्तकं लागायची, प्रेमाची आणि जादूची. पण त्यांना फसवणं अवघड होतं.

“हा डॉक्टर हाय ना? मंग याच्याकडं एकबी पेशंट कसा येईना? दिवसभर गॅलरीत उभा राहून धुकं बघून राह्यला. असल्या माणसाशी लगीन करून पोरीनं खायचं काय?”

मी हे जसंच्या तसं वहीत उतरवायची. राक्षसांबद्दल त्यांचं मत चांगलं होतं. “राक्षस तोंडावर बोलतो. राजपुत्रावाणी घोळवत न्हाई.” लोक पुस्तकाआधी वही उघडून बघायला लागले होते.

एकाच गोष्टीवर त्या चिडायच्या. नायिका घर सोडून जाते, काही वर्षांनी परत येते आणि आईबाप तिला पोटाशी धरतात, असा शेवट आला की त्या मला थांबवायच्या. “खोटं हाय. गेलेल्या पोरीला दार उघडत न्हाईत कुणी. लेखकाला काय म्हाईत.” हा अभिप्राय वहीत लिहू का, असं मी एकदा विचारलं. “राहू दे,” म्हणाल्या.

त्या डॉक्टरच्या कादंबरीतच पहिल्यांदा ते घडलं. थंड हवेचं ठिकाण, हॉटेल, डॉक्टर आणि नायिका चहा पितायत. मी वाचत होते, आणि वाचता वाचता पुढचा परिच्छेद आला. दुपारच्या उन्हात एक बाई ज्वारीच्या ताटांमधून चालत आली. पायात चप्पल नव्हती. काखेत गाठोडं होतं. तिला तहान लागली होती. मग परत डॉक्टर, परत चहा.

“थांब,” दुर्गाबाई म्हणाल्या. “ही बाई कोण?”

“पुढं येईल की.”

पुढं ती आलीच नाही. पुस्तक संपलं तरी आली नाही. दुर्गाबाईंनी अभिप्राय सांगितला, “लेखक बाईला आणून विसरून गेला. आणि थंडीच्या डोंगरावर ज्वारी कुठून आली?”

तो लिहिताना मला वाटलं, पान नंबर टाकावा. मी पान शोधू लागले. हॉटेल सापडलं, चहा सापडला. बाई नव्हती. मी ते प्रकरण तीनदा वाचलं. ज्वारी हा शब्दसुद्धा त्या पुस्तकात नव्हता.

झोप झाली नसेल, डोळ्यांसमोर काहीतरी आलं असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली. पण मी वाचलेलं दुर्गाबाईंनीही ऐकलं होतं. त्यांना मी काही बोलले नाही.

पुढचं पुस्तक जादूचं होतं. सात दरवाजांचा किल्ला, पक्षी होणारी राणी, सोन्याच्या डोळ्यांचा घोडा. चौथ्या दरवाजापाशी पहारेकरी बदलत होते आणि मी वाचलं, ती बाई गावाच्या शिवेवर आली. पायाला फोड आले होते. रस्त्यात भेटलेल्या म्हाताऱ्याला तिनं विचारलं, वैनी घरात असंल का?

या खेपेला मी वर पाहिलं नाही, बोट ओळीवर तसंच दाबून धरलं. अक्षरं तिथंच होती, काळी, बाकीच्यांसारखीच छापलेली. मग माझी पापणी मिटली असेल. बोटाखाली पहारेकरी होता.

दुर्गाबाई पुढे वाकल्या.

“काय नाव लिव्हलंय तिचं?”

“नाव न्हाई, मावशी. आणि खरं सांगू का? आता ती ओळपण न्हाई इथं.”

“आज राहू दे,” एवढंच त्या म्हणाल्या. आठ दिवस त्यांनी मला वाचायला बोलावलं नाही.

नवव्या दिवशी रामनवमी होती. धर्मराज बायकोला घेऊन जांबला समर्थांच्या देवळात गेला होता. लाईनीत सामसूम होती. दुर्गाबाईंनी शेजारणीकडून मला निरोप धाडला. मी गेले तेव्हा त्या पलंगावर ताठ बसल्या होत्या.

“तुला एक सांगायचं हाय,” त्या म्हणाल्या. “तुमच्यातला एक गडी होता, बिरू नावाचा. आमच्या वावरात खतासाठी मेंढरं बसवायला यायचा.”

माझं माहेर मेंढरं राखणाऱ्यांचं, म्हणून ‘तुमच्यातला’. मी हं म्हणाले.

“माझी नणंद चतुरा. सतरा वर्षांची. त्याच्यामागं गेली. घरात तिचं नाव घ्यायचं बंद झालं. दोन वर्षांनी एका दुपारी आली. गडीमाणसं वावरात. मी एकटी भाकरी करून राह्यले होते. कडी वाजली. म्हणली, वैनी, पाणी दे. आवाज ओळखला मी, बिलकुल ओळखला. हाताला पीठ होतं. तशीच बसून राह्यले. तीनदा कडी वाजली. मंग पावलं गेली.”

“आणि मंग?”

“आठ दिवसांनी बिरू आला. म्हणला, चतुरा तुमच्याकडं आल्ती ना, पाठवा तिला. ती त्याच्याकडं परत गेलीच नव्हती. हिरी बघितल्या, नदी बघितली. पस्तीस वर्षं झाली, कुठंच न्हाई सापडली. ती आल्ती हे मी कुणाला सांगितलं न्हाई. आज तुला सांगितलं.”

बाहेर ऊन पांढरं झालं होतं. मला राग आला होता, आणि समोरच्या आंधळ्या बाईवर तो काढताही येत नव्हता.

“पुस्तक आणलंस ना?” त्यांनी विचारलं. “वाच. जे असंल ते वाच, काही गाळू नको.”

मला वाचायचं नव्हतं. तरी मी उघडलं. नवीकोरी प्रेमाची कादंबरी होती, कॉलेजातल्या दोघांची. आठ-दहा पानं सरळ गेली. स्नेहसंमेलन, चिठ्ठी, गैरसमज. मला जरा हायसं वाटलं. मग मी पान उलटलं.

बाई दारापाशी आली. दाराला निळा रंग होता. आतून भाकरीचा वास येत होता. आत कुणीतरी आहे हे तिला कळलं, कारण आतलं माणूस श्वास रोखून बसलं होतं. तिनं कडी वाजवली.

“निळाच होता,” दुर्गाबाई म्हणाल्या. “वाच.”

वैनी, पाणी दे. तिनं परत कडी वाजवली.

यापुढे ओळ नव्हती. पानाचा खालचा भाग कोरा होता. मी तसं सांगितलं.

दुर्गाबाई उठल्या. रोज भिंत चाचपत चालणाऱ्या त्या बाई माठापाशी सरळ गेल्या, तांब्या बुडवून भरला, आणि उंबऱ्यापर्यंत कशालाही हात न लावता गेल्या. दार उघडंच होतं. मला रस्ता दिसत होता, समोरच्या घराची भिंत दिसत होती, दुसरं काही नाही.

“चतुरा, घे,” त्या म्हणाल्या. “दमानं पी.”

हात पुढे करून त्या उभ्या राहिल्या. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. पाणी सांडल्याचा आवाज आला नाही. मग त्या वळल्या आणि रिकामं भांडं ठेवतात तसा तो तांब्या फळीवर पालथा घातला.

मी चपला पायात न घालता घरी आले.

दुसऱ्या दिवशी मी भीत भीत गेले. त्या अंगणात बसल्या होत्या, चेहरा निवळलेला. “गोपिका, आता तुला वाचायचा ताप न्हाई. पुस्तकं मात्र आणून देत जा. अभिप्राय सांगत जाईन.”

कोण वाचतं, असं मी विचारलं नाही.

मी दर पंधरवड्याला एक पुस्तक न्यायची, एक परत आणायची. अभिप्राय यायचे, पण आता ते दोघींचे असायचे. “मला नायक आवडला. तिला न्हाई आवडला. म्हणती, हा भांडण झालं की पळून जातो.” किंवा, “पक्षी झालेल्या राणीला परत बाई करायला नको होतं, म्हणती. मी म्हणते करायला पाहिजे. कालपासून आमचं ह्यावरनं वाजून राह्यलंय.” मी दोन्ही मतं वहीत लिहायची. दुसऱ्या मताखाली सहीची जागा मोकळी सोडायची.

असं साडेतीन वर्षं चाललं. दोन हजार एकच्या मार्गशीर्षात दुर्गाबाई पहाटे झोपेत गेल्या. दिवसकार्य झाल्यावर धर्मराज शेवटचं पुस्तक परत द्यायला वाचनालयात आला. खुर्चीवर बसला.

“तुमचे लई उपकार झाले, ताई,” तो म्हणाला. “तीन-साडेतीन वर्षं रोज दुपारी येऊन वाचून दाखवलं तुम्ही. रात्रपाळी करून मी मागच्या खोलीत पडलेलो असायचो, झोपेतबी ऐकू यायचं. आई खुशीत असायची.”

माझ्या हातात पेन होतं. ते मी खाली ठेवलं.

“एक मात्र नवल वाटायचं,” तो पुढे म्हणाला. “तुमचा बोलायचा आवाज असा, आणि वाचायचा बिलकुल वेगळा. सोळा-सतरा वर्षांच्या पोरीवाणी.”

तो माझ्याकडे बघत होता. आईला जाऊन तेरा दिवस झाले होते, डोळे सुजलेले होते.

“वाचताना होतं तसं,” मी म्हणाले.

त्यानं मान हलवली आणि तो गेला. मी पुस्तक जमा करून घेतलं. वही उघडून त्या पुस्तकासमोर तारीख टाकली. अभिप्रायाच्या जागी काय लिहावं ते मला ठरवता आलं नाही. मग बंद करायची वेळ झाली तरी वाचनालयाचं दार न लावता मी तशीच बसून राहिले.