फणसाखालचा फास

बाळाचं अंग तव्यासारखं तापलं होतं आणि दार उघडायची सोय नव्हती.

कुनिहिरा फळीच्या फटीला डोळा लावून उभी होती. घरातून निघणारी एकुलती वाट फणसाखालून जाते. फांद्यांवर चिंपांझींची टोळी होती, खाली वाटेवर त्यांची एक मादी बसली होती आणि तिच्या पुढ्यात तिचं पिल्लू किंचाळत होतं. त्याच्या हातात सायकलच्या ब्रेकची तार रुतलेली. फास कुनिहिराच्या नवऱ्याचाच. भुईमूग उकरणाऱ्या रानडुकरांसाठी कसांगाकीनं तो फणसाच्या मुळाला बांधला होता.

"फणसाजवळ नको रे," असं ती म्हणाली होती.

"मग डुकरांना सांग, दुसऱ्या वाटेनं या म्हणून," असं म्हणून तो हसला होता. जंगल तोडून ऊस आला तेव्हापासून चिंपांझींनाही तेवढंच एक झाड उरलं होतं, हे दोघांनाही माहीत होतं. भुईमूग गेला असता तर खायचं काय, हेही माहीत होतं.

"अब्वोली! अगं अब्वोली, आहेस ना?" उसापलीकडून शेजारणीचा आवाज आला. इथल्या बुन्योरो मुलखात कुणी कुणाला नुसत्या नावानं हाक मारत नाही. जन्मल्यावर ठेवलेलं लाडाचं नाव त्यासाठीच असतं; कुनिहिराचं अब्वोली, कसांगाकीचं अराली.

"आहे, अद्येरी! बाळाला आकडी आलीय! मोटारसायकलवाला बघ कुणी!"

"बघितलाय! माझ्या पाठीमागे लपलाय मेला. म्हणतो, मी काय माकडांचा जावई आहे पुढे जायला? तू भांडी बडव, पळतील!"

तिनं पातेलं बडवलं. पळालं कुणीच नाही. उलट फांदीवरचा मोठा नर धाडकन खाली आला आणि दारावर असा आदळला की वरची बिजागरी निखळली. बाळ दचकलंसुद्धा नाही.

तिनं नवऱ्याला फोन लावला.

"दार उघडू नकोस," तो धापा टाकत म्हणाला. "माणसं घेऊन निघालोय. भाले आहेत, कुत्री आहेत."

"कधी पोचशील, अराली?"

"उसाचा ट्रक निघून गेलाय गं. चालत येतोय."

"त्याचे डोळे पांढरे होतायत रे!"

"पाणी लाव कपाळाला."

"संपलं पाणी! सकाळपासून तेच लावतेय ना मी!"

तिनं फोन बंद केला. कुत्री आली की इथे रक्त सांडणार आणि वाट आणखीच बंद होणार, हे तिला दिसत होतं. बाळाची मूठ पुन्हा ताठ झाली, ओठाच्या कडेला फेस आला.

फास आपणच सोडवायचा. पण बाळाला बरोबर न्यावं? मागच्याच वर्षी ओढ्यापलीकडे एका चिडलेल्या नरानं आईच्या पाठीवरून मूल ओढलं होतं. आत ठेवावं? आणि आपणच परत आलो नाही तर? तिनं त्याला चटईवर कुशीवर निजवलं, नाकाजवळ गाल धरून श्वास तपासला, कोयता उचलला, पुन्हा खाली ठेवला. बाहेरून कडी लावली.

ती उभी राहिली नाही. बसत, सरकत, डोळे जमिनीवर ठेवून ती पुढे गेली. चिंपांझी एकमेकांपाशी शांत बसताना करतात तसं दंड खाजवत राहिली. नर केस फुलवून फेऱ्या मारत होता. मादीपाशी पोचल्यावर कुनिहिराच्या तोंडून आपोआप तेच निघालं, जे कुठल्याही परक्या बाईला ती विचारते.

"तुमचं लाडाचं नाव काय? मला अब्वोली म्हणतात. माझंही आत एक आहे हो. येऊ द्या मला."

तिनं पिल्लाच्या मनगटाकडे हात नेला. सुजून काळं पडलं होतं ते. मादीनं ओठ मागे घेतले. पिवळे सुळे तिच्या बोटांपासून वीतभरावर. मनगटापर्यंत जाता येणार नव्हतं. मग ती मुळाकडे वळली. कसांगाकीची गाठ पक्की होती, डुकरासाठी घातलेली. पीळ उलटे फिरवता फिरवता नखं उलटली, तार तळव्यात शिरली. ती थांबली नाही.

तार मुळापासून सुटली तशी मादीनं पिल्लू पोटाशी धरलं आणि ती उसात शिरली. तार मागून घासत गेली. बाकीचे तिच्यामागे. किंचाळणं बराच वेळ ऐकू येत राहिलं. ते ऐकायला कुनिहिरा तिथे नव्हतीच. ती बाळाला छातीशी बांधून मोटारसायकलकडे पळत होती.

दवाखान्यात परिचारिकेनं टाचेला सुई टोचली, तसं बाळानं आधी तोंड वाकडं केलं आणि मग टाहो फोडला.

"रडू दे. रडतंय ते बरंच आहे," सलाईन लावत ती म्हणाली. मग तिचं लक्ष कुनिहिराच्या हातांकडे गेलं. "हे काय गं?"

"आमच्याच फासाची गाठ सोडत होते."

"सुटली?"

"झाडाची सुटली," कुनिहिरा म्हणाली. "पिल्लाच्या हाताची तशीच गेली."