पोळ्याचं लोणी

पालीच्या पल्याड, बिंदुसरेच्या धरणावरच्या माळाला एक वस्ती होती. वस्तीवर शहादेव होता, त्याची कारभारीण वत्सलाबाई होती, बीडच्या गॅरेजात कामाला जाणारा पोरगा प्रविण होता आणि दहावीला गेलेली पोरगी करिष्मा होती. घरामागं सीताफळाची बाग होती. सगळं होतं बघा, फक्त धड वाट नव्हती. म्हणून तर ह्या गोष्टीत मी आले.

मी चार फुगीर चाकांची गाडी बोलतेय. कागदोपत्री एटीव्ही, वस्तीवर मात्र चिखलगाडी.

माझं तरुणपण घाटावरच्या एका रिसॉर्टात गेलं. सुट्टीला आलेली माणसं माझ्यावर बसायची, किंचाळायची, एका रिंगणात चकरा मारायची आणि जिथं बसली तिथंच उतरायची. फोटो काढायची आणि जायची. जाताना पाठीवर थाप कुणी मारली नाही. पुढं माझं इंजिन दमलं, तेव्हा मला भंगारात ढकललं. फिरत फिरत बीडच्या गॅरेजात आले. तिथल्या कोपऱ्यात माझ्या सीटमध्ये उंदरीण व्याली होती. प्रविणनं मालकाकडं हट्ट धरून मला मागून घेतलं आणि टेम्पोत घालून पालीपर्यंत आणलं. पुढं वस्तीवर बैलांनी ओढत नेलं.

मला बघून शेजारचा आसाराम पोट धरून हसला. "शहादेव, हे बेडूक कुठून धरून आणलं बे? पाऊस पडला की वरडतं का?"

"वरडंल न्हाई तर नाचंल, तुला काय करायचंय?" शहादेव म्हणाला. पण मनातून तोही धास्तावला होता.

धास्ती अशी. सीताफळाचा डोळा उघडला, म्हणजे फळ पिकायला आलं, की ते थांबत नाही. वस्तीपासून डांबरीपर्यंत सगळी काळी माती. पावसात तिथं मोटारसायकल रुतते, बैलगाडीत फळ हादरून फुटतं, डोक्यावरून न्यावं तर किती नेणार? निम्मी बाग झाडाखालीच सडायची. मग दसरा झाला की कारखान्याचा ट्रक यायचा आणि हे घर ऊस तोडायला जायचं. करिष्मालाही शाळा सोडून कोपीवर, म्हणजे ऊसतोडीच्या झोपडीत, भाकरी थापायला जावं लागायचं. औंदा तिची दहावी होती. पोरगी पुस्तकांना कव्हरं घालून बसली होती.

प्रविणनं इंजिन दुरुस्त करून मला नव्यानं घडवलं. अंग उचलून उंच केलं. खोल नक्षीचे टायर चढवले. ओढ्यातलं पाणी इंजिनात जाऊ नये म्हणून हवेची नळी मोटारीच्या पाइपाचा तुकडा लावून वर काढली. मागं क्रेट बसतील असा लोखंडी सांगाडा जोडला. वत्सलाबाईच्या लुगड्यावर चिखल उडू नये म्हणून चाकांवर पत्र्याचे मडगार्डही ठोकले. तिथंच चुकलं. पहिल्याच फेरीला काळी माती चाक आणि पत्र्याच्या मधे अशी गच्च बसली की चाकं फिरेनात. वत्सलाबाई खुरपं घेऊन मला खरवडत बसली.

"काढून टाक रे हे पत्रे," ती म्हणाली. "लुगडं धुता येतंय."

पत्रे निघाले आणि मी चालायला लागले.

अधिक महिन्यामुळं औंदा पोळा लांबला होता. आदल्या दिवशी शहादेवनं बैलांचे खांदे हळद-लोण्यानं चोळले. वाटीत लोणी उरलं. तो माझ्याजवळ आला. "तूबी राबतीस की," म्हणाला आणि मला चोळायला बसला. हँडल चोळलं, आस चोळला, चाकामागच्या चकचकीत चकत्याही मायेनं चोळल्या. गाडी म्हणजे बाईमाणूस, पण म्हाताऱ्याच्या लेखी मी बैलच! दुसऱ्या दिवशी गळ्यात गोंडे बांधून मला बैलांशेजारी उभं केलं. पोळ्याला बैल राबत नाहीत, म्हणून मलाही सुट्टी. एवढा मान मला जन्मात मिळाला नव्हता.

तिसऱ्या दिवशी पहिलं फळ उतरवलं. बीडचे फळवाले महांतेशअप्पा पालीला टेम्पो घेऊन येणार होते. त्यांनी आधीच सांगितलं होतं, "पहिला माल धड आला तर हंगामभर तुमचीच बाग. फुटका आला तर मला दुसरं गाव हाय."

वत्सलाबाईनं क्रेटात तरवडाचा पाला अंथरला, एकेक फळ बाळासारखं ठेवलं आणि मागं क्रेटांना धरून बसली. प्रविणनं हँडल धरलं. शहादेव पुढं चालत होता. ओढ्याच्या उतारावर प्रविणनं ब्रेक दाबला. मी थांबेना!

"आबा, सरका! ब्रेक लागंना!"

शहादेवनं वळून दोन्ही हात वर केले आणि बैलाला म्हणावं तसं म्हणाला, "हो रे राजा, हो, हो!"

मी काय थांबणार? लोण्यानं माझे पाय सुटले होते. म्हातारा बाजूला पडला. प्रविणनं मला ओढ्याकडं न सोडता नांगरलेल्या रानात वळवलं. काळ्या मातीनं माझी चारी चाकं धरली आणि हळूच थांबवलं. ज्या मातीला सगळे शिव्या घालायचे, तिनंच मला कडेवर घेतलं. वत्सलाबाई क्रेटांवर पालथी पडली होती.

प्रविणनं ब्रेकच्या चकतीला बोट लावलं, वास घेतला. "हे लोणी कुणी लावलं?"

शहादेव धोतर झटकत म्हणाला, "बैलाला लावतेत, हिलाच कावून न्हाई?"

"तरी म्हणलं वाटी चाटूनपुसून गेली कुठं!" वत्सलाबाई आधी चिडली, मग हसायलाच लागली. प्रविणनं पेट्रोलच्या चिंधीनं चकत्या पुसल्या, तिघांनी मला ढकलून वाटेवर आणलं आणि आम्ही पाली गाठली.

महांतेशअप्पांनी एकेक क्रेट पाल्यापर्यंत उलगडून पाहिलं. मग ते म्हणाले, "वत्सलाबाई, एकबी फुटलं न्हाई. उद्यापासून रोज आणा. आसारामचीबी बाग हिच्यावरच घ्या."

आता माझं रंगरूप गेलंय. टायरला ठिगळं आहेत, आवाज बेडकासारखाच आहे. सीताफळ सरलं की वस्तीचं दूध माझ्यावरच जाणार आहे. माझं एकच मागणं आहे, म्हाताऱ्याला सांगा. पुढच्या पोळ्यालाही मला खांद्याला लाव बाबा, हौसेनं लाव, फक्त चकत्या तेवढ्या सोड.

दसऱ्यानंतर कारखान्याचा ट्रक आला. ऊसतोडीच्या मुकादमानं खालूनच हाळी दिली, "शहादेव, चला, बसा!"

"औंदा न्हाई येत आमी," वत्सलाबाईनं दारातून सांगितलं. कोयते आत खुंटीलाच होते.

ट्रक धूळ उडवत कारखान्याच्या वाटेला लागला. आणि आम्ही निघालो पालीकडं. पुढं प्रविण, मागं क्रेट, आणि क्रेटांच्या मधे दप्तर मांडीवर घेऊन शाळेला निघालेली करिष्मा.